नवऱ्याचं कुत्रं

लग्न होऊन मी मेहकराहून सासरी आले तेव्हा माझ्या नवऱ्याजवळ एक कुत्रं होतं, आणि पहिलं वर्षभर मी त्या कुत्र्यावर जळत होते. बाईमाणूस सवतीवर जळतं, जावेवर जळतं, शेजारणीच्या पाटल्यांवर जळतं. माझ्या वाट्याला कुत्रं आलं होतं, आणि हे सांगायचं तरी कोणाला?

सासर उंद्रीहून पायवाटेनं गाठायचं एक खेडं. महाराष्ट्र नुकताच झाला होता. शाळेच्या भिंतीवर मास्तरांनी नवा नकाशा टांगला होता आणि पोरं त्यात आपलं गाव शोधत बसत, ते काही सापडत नसे. घरात आम्ही तिघंच होतो: सासूबाई, नवरा आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. एकुलती नणंद धामणगाव बढ्याला दिलेली. शेत फार मोठं नव्हतं, पण विहिरीला पाणी होतं, म्हणून वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला बारा महिने निघायचा.

नवरा माझ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, राग नव्हता. तशी रीतच होती. आईच्या देखत लेकानं बायकोशी बोलायचं नाही, आणि सासूबाई तर सदा घरातच. घर दोन खोल्यांचं. मधल्या भिंतीपलीकडून त्यांचा खोकला आम्हाला स्पष्ट ऐकू येई, म्हणजे आमचा शब्दही त्यांना ऐकू गेला असता. त्यामुळे रात्रीसुद्धा तो 'पाणी ठेवलं काय' आणि 'दिवा मालव' याच्या पुढे सरकत नसे. मी सतराअठरा वर्षांची. माहेरी आम्ही चार बहिणी, दिवसभर चिवचिवाट. इथं माझी जीभ टाळूला चिकटून गेली होती.

पण हाच माणूस कुत्र्याशी बोलायचा. आणि किती बोलायचा!

कुत्रं गावरानच होतं, तांबूस, एक कान मोडलेला. त्याला नाव नव्हतं. नवरा 'यू-यू' करून हाक मारी आणि ते जिथं असेल तिथून धावत येई. सकाळी न्याहारीला बसला की पहिला तुकडा त्याला. संध्याकाळी शेतातून आला की ओट्याच्या पायरीवर पाय धुता धुता त्याच्याशी गप्पा सुरू. मी चुलीपाशी भाकरी थापत असायची. सारं ऐकू यायचं.

"पाह्यलं ना बे तू आज? मिरचीवर बोकड्या पडला. पानं कशी आकसून गेली. काय करावं आता, सांग."

कुत्रं शेपटी आपटायचं.

"माहा गुडघा लय दुखून राह्यला लेका. मोटेवर उभं राह्यलं का कळ येते."

त्याचा गुडघा दुखतो हे मला असं कळलं. त्याला वांग्याची भाजी आवडत नाही, घरच्या वांग्यांचा कंटाळा आलाय, हेही असंच कळलं. लहानपणी तो विहिरीत पडला होता आणि बापानं दोर सोडून काढला होता, ही गोष्टही त्यानं एकदा कुत्र्यालाच सांगितली. मी हातातली भाकरी परातीत तशीच ठेवून ऐकत राहिले होते. माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि ती माझ्या आधी कुत्र्याला कळावी! त्या रात्री मी कुत्र्याला भाकरीचा करपलेला पापुद्रा टाकला. त्यानं तोही आनंदानं खाल्ला, आणि मला जास्तच राग आला.

हिवाळ्यातली गोष्ट. ज्वारीच्या भाकरी टाकताना तवा सरकला आणि माझं डावं मनगट त्याला टेकलं. चांगलं बोटभर भाजलं. फोड आला. सासूबाईंनी ओरडून गार पाणी ओतलं, खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, "ध्यान कुठं असते वं तुहं?" नवरा जेवायला बसला तेव्हा माझा हात त्याला दिसेल असा मी पुढे केला, ताटात मीठ वाढायच्या निमित्तानं. त्यानं मिठाकडे पाहिलं. जेवला, हात धुतला, बाहेर गेला. बाहेरून आवाज आला, "चाल बे, गोठ्यात जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशीही तो काही बोलला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी रडले नाही. पण मनात एक काटा रुतून बसला.

आणि त्याच आठवड्यात कुत्र्याला लागलं.

दिवेलागणीला नवरा शेतातून आला तो कुत्र्याला दोन्ही हातांवर घेऊनच. मला वाटलं मेलं की काय. पण ते डोळे उघडे ठेवून टुकुटुकु बघत होतं. सशामागं धावताना बोराटीच्या कुंपणातून शिरलं होतं आणि कुशीवरचं कातडं फाटलं होतं. लांबीला माझ्या करंगळीएवढं. रक्त थांबलंही होतं. केसांत माती आणि काड्या अडकलेल्या. माणसाला असं लागलं असतं तर कोणी कामही थांबवलं नसतं.

"आई, पाणी गरम कर. मीठ टाक त्यात. जास्त नको, चिमटीभर."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, कुत्रं हाय ते. चाटून चाटून बरं होते."

"चाटलं तं चिघळते. कर ना तू."

पाणी मीच तापवलं. कोमट झाल्यावर तांब्या घेऊन बाहेर गेले. तो ओट्यावर मांडी घालून बसला होता आणि कुत्र्याचं डोकं त्याच्या मांडीवर. एका हातानं तो त्याच्या मोडक्या कानामागं खाजवत होता.

"काय झालं लेका? दुखते काय? दुखते ना. थांब, आता होते सारं. माहा राजा तो."

राजा! मला तो कधी 'ए' सुद्धा म्हणाला नव्हता.

मी उभ्या उभ्या पाणी ओतू लागले. धार जरा जोरात पडली असेल. कुत्रं कण्हलं. नवऱ्यानं मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या देखत, पहिल्यांदाच, माझ्याशी बोलला.

"हळू. जरा हळू टाक."

ते चार शब्द मी कितीतरी दिवस मनात घोळवले. आवाज मऊ होता. पण तो मऊपणा माझ्यासाठी नव्हता, कुत्र्यासाठी होता. माझं मनगट त्याच्या नाकासमोर होतं. फोड फुटून तिथं लालभडक झालं होतं. दिव्याच्या उजेडात ते दिसत नव्हतं असं कोण म्हणेल?

त्यानं आपल्या जुन्या धोतराचा मऊ भाग फाडला, ओला केला आणि जखमेभोवतीची माती टिपून टिपून काढली. मग खोबरेलात थोडी हळद कालवून लावली. जेवायला बसायला उशीर झाला. भाकरी गार झाल्या. तो जेवता जेवता दोनदा उठून बाहेर बघून आला.

पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ हेच. कुत्रं त्याच्याशिवाय कोणाला अंगाला हात लावू देत नसे. मी जवळ गेले तर ओठ वर करून दात दाखवी. मीही मनातून त्याला दातच दाखवत होते.

अशात धामणगाव बढ्याहून निरोप आला. नणंदेच्या घरची विहीर खोदायला काढली होती आणि तिचा नवरा तापानं पडला होता. माणसांवर लक्ष ठेवायला घरचं कोणी हवं होतं. नवऱ्याला जावंच लागणार होतं. शेताला पाणी द्यायची सोय त्यानं शेजारच्या वाटेकऱ्याकडे लावली. बैलांची लावली. आणि मग ओट्यावर घुटमळत राहिला.

आईला म्हणाला, "कुत्र्याचं पाह्यजो."

"मले कुठं जमते ओणवं व्हाले? माही कंबर धरून येते. ते पाहीन ना." 'ते' म्हणजे मी.

मग तो चुलीच्या खोलीच्या दारात आला. चौकटीला हात टेकून, बाहेर बघत, माझ्याशी बोलला. लग्न झाल्यापासून इतकं तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"सकाळी पाणी उकळजो. निंबाचा पाला टाकजो त्यात. गार होऊ देजो, मंग फडकं भिजवून नुसतं टेकवजो, घासजो नको. खपली निंघत असन तं निंघू देजो, आपण वढजो नको. माशा बसू देजो नको. आन् चाटू देजो नको. ध्यानात राहीन काय?"

"राहीन," मी म्हणाले.

"घाबरजो नको त्याले. गुरगुरते, पन चावत नाही."

तो गेला. कुत्रं वेशीपर्यंत लंगडत त्याच्यामागं गेलं आणि बराच वेळ तिथंच बसून राहिलं. मी दारात उभी राहून दोघांना बघत होते. त्यानं वळून पाहिलं ते कुत्र्याकडे.

पहिल्या दिवशी कुत्र्यानं मला जवळ फिरकू दिलं नाही. मी निंबाचं पाणी घेऊन ओट्यावर बसले की ते खाली उतरे. खाली गेले की गोठ्यात जाई. भाकरी ताकात कुस्करून ठेवली, ती मी आत गेल्यावर येऊन खाल्ली. दुपारी सासूबाई वाकळ अंथरून उन्हात पडल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "तुले पाहून पयते ते. सवत हाय बाप्पा तुही!"

मी चिडून म्हटलं, "मग राहू द्या तसंच. किडे पडतील."

सासूबाईंचं हसू गेलं. त्या उठून बसल्या. "असं बोलू नये वं," त्या म्हणाल्या. मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "मलेही राग येते त्याचा. हे पोरगं पहिले सारं मले सांगे. बाप गेला तवापासून तोंडच मिटलं त्याचं. मंग हे पिल्लू आणलं कुठूनशीक. त्याच्याशी बोले. मी म्हटलं, बोलते तं बोलू दे. कोणाशी का व्हयना."

हे मला नवं होतं. त्याचं बोलणं दारामागून ऐकणारी मी एकटीच नव्हते. माझ्या आधीपासून सासूबाई तिथंच उभ्या होत्या. मला त्यांचा थोडा कळवळा आला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आज काही झालं तरी हे काम करायचंच. नवरा परत येईल, जखम चिघळलेली पाहील आणि म्हणेल, हिनं जळून दुर्लक्ष केलं. मी जळत होतेच, म्हणून तर ते बोलणं मला सोसलं नसतं. कुत्रं गोठ्यात गव्हाणीखाली पडलं होतं. निंबाचं पाणी, फडकं आणि कात्री घेऊन मी आत गेले, दार लावून घेतलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. ते गुरगुरलं. मी हलले नाही. ते गुरगुरत राहिलं, मी बसून राहिले.

शेवटी मीच बोलले. "काय बे? मालक पाह्यजे काय तुले?"

त्याचा चांगला कान उभा राहिला.

"मलेही पाह्यजे. गेला ना तो. मले सांगून नाही गेला, तुले सांगून गेला. कवा येते म्हने? सांग ना. तुले सारं म्हाईत असते."

बोलता बोलता मला हसू आलं. पण गंमत म्हणजे, तोंड बंद होईना. माहेरच्या बहिणींपासून मेहकरच्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत, भाजलेल्या हातापासून वांग्याच्या भाजीपर्यंत, जे कित्येक महिने साचलं होतं ते सगळं मी त्या जनावराला सांगितलं. मधे टोकणारं कोणी नव्हतं. हसणारंही कोणी नव्हतं. नवऱ्याला यात काय गोडी होती ते मला त्या गोठ्यात कळलं, आणि तेव्हा तर मी जास्तच जळले. एवढं सुख तो रोज घेत होता, एकटा!

बोलत बोलतच मी ओलं फडकं कुशीवर टेकवलं. कुत्र्याचं अंग ताठ झालं, पण ते उठलं नाही. जखमेभोवतीचे केस रक्तानं चिकटून कडक झाले होते. ते माझ्या शिवणाच्या कात्रीनं अलगद कापून काढले. खालचं कातडं दिसलं तेव्हा कळलं की एक बाजू छान भरून येतेय, पण दुसरं टोक सुजलं आहे आणि दाबलं की पाणी येतंय. त्याला वासही होता.

मी घाबरले. बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या कंबर धरून गोठ्यात आल्या, वाकता येईना म्हणून उभ्यानंच पाहून म्हणाल्या, "आत कायतरी राह्यलं असन. काटा असन बोराटीचा. शेकून पाह्य. वर आला तं दिसन."

मग मी दिवसातून तीनचारदा उकळून कोमट केलेल्या पाण्यात फडकं भिजवून त्या जागेवर धरून बसायला लागले. मधल्या वेळात कुत्रं वळून चाटायचं. चाटून चाटून केलेलं सारं वाया घालवायचं. बांधून पाहिलं तर दातानं चिंधी सोडून टाकी. तेव्हा मला एक युक्ती सुचली. डोक्यावर घागर ठेवताना आम्ही चिंध्यांची चुंबळ घेतो ना, तशी एक जाडजूड चुंबळ मी जुन्या गोधडीची केली आणि त्याच्या गळ्यात घातली. मान वळली तरी तोंड कुशीपर्यंत पोचेना. ती चुंबळ घालून ते ओट्यावर असं बसलं होतं, जणू नवरदेव मुंडावळ्या बांधून बसलाय. सासूबाई पोट धरून हसल्या. मीही हसले. सासरी आल्यापासून आम्ही दोघी एकत्र हसलो ते तेव्हाच.

शेकून शेकून एके दुपारी सुजेच्या टोकावर काळा ठिपका दिसला. काटाच होता. माझ्या कमरेच्या चंचीत पायातले काटे काढायचा चिमटा असे. तो मी चुलीच्या जाळावर धरला, गार होऊ दिला, आणि कुत्र्याला उन्हात घेऊन बसले. डाव्या हातानं कातडं ताणलं, उजव्या हातानं चिमटा लावला. पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदा पकडला आणि ओढला.

कुत्रं किंचाळलं आणि मान झटकून त्यानं माझं डावं मनगट तोंडात धरलं. नेमकं भाजलेल्या जागेवर. चुंबळीसकट कसं वळलं कोण जाणे. त्याचे दात मला लागत होते, श्वास हाताला गरम लागत होता. सासूबाई ओरडल्या, "सोड! सोड त्याले!" मी हललेही नाही. काटा चिमट्यात होता, नखाएवढा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यानं हळूच जबडा सैल केला आणि माझ्या हाताची ती जागा एकदा चाटली. हातावर दाताचा ओरखडासुद्धा नव्हता.

त्यानं डोकं माझ्या मांडीवर टाकलं. मी जखमेतलं पाणी टिपून घेतलं, निंबाच्या पाण्यानं धुतलं, कोरडं केलं. ते तसंच पडून राहिलं. मी मोडक्या कानामागं खाजवलं, नवरा खाजवायचा तिथंच.

काटा निघाल्यावर जखम झपाट्यानं भरली. सूज उतरली, खपली धरली, खपली पडली, खाली गुलाबी कातडं आलं. आणि कुत्रं माझ्या मागं मागं हिंडू लागलं. मी पाण्याला गेले की विहिरीवर, चुलीपाशी बसले की उंबऱ्यावर. मी त्याच्याशी बोलत असे. सासूबाई ऐकत असतील, मला त्याची फिकीर राहिली नव्हती.

नवरा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. उन्हं कलली होती. वेशीकडून 'यू-यू' आवाज आला. कुत्रं ताडकन उठून धावलं. त्याच्याभोवती नाचलं, पायांत लोळलं. झालं, गेलं परत, मी मनात म्हटलं. तो ओट्यावर बसला, कुशीवर हात फिरवून पाहिलं, बोटानं चाचपलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला. कोणाला म्हणाला कोण जाणे.

मग तो आत पिशवी ठेवायला गेला, परत बाहेर आला आणि नेहमीसारखा पायरीवर पाय धुवायला बसला. "काय बे, सांग. काय काय झालं मी नव्हतो तं?" त्यानं विचारलं. उत्तर आलं नाही. त्यानं वळून पाहिलं. कुत्रं चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यावर, माझ्या पाठीशी, पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडलं होतं. त्यानं 'यू-यू' केलं. कुत्र्यानं नुसतं शेपूट हलवलं आणि जागचं उठलं नाही.

मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याचं तोंड पाहिलं. ते तोंड मला ओळखीचं होतं. कितीतरी महिने मी तेच तोंड घेऊन त्या घरात वावरत होते. मला इतका आनंद झाला की हातातली भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी तो शेतात एकटाच गेला. दुपारी मी जेवण घेऊन निघाले तेव्हा कुत्रं माझ्यासोबत होतं. तो आंब्याखाली बसला. सासूबाई घरी होत्या, आजूबाजूला कोणी नव्हतं. मी शिदोरी सोडली. पहिला तुकडा त्यानं कुत्र्यापुढं धरला. कुत्र्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग घेतला.

"काय चारत होती तू त्याले?" तो म्हणाला.

"भाकर. ताक. तुमी देता तेच."

"मंग असं काऊन करून राह्यलं ते?"

"मी बोलली त्याच्याशी," मी म्हटलं. मग धीर करून म्हटलं, "तुमी बोलता तसं."

त्यानं कांदा फोडला. मी उठायला लागले, तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हात बरा झाला वाटते."

मी तशीच खाली बसले. "तुमाले म्हाईत होतं?"

"त्या दिवशीच्या भाकरी एका अंगानं जाड होत्या. एका हातानं थापल्या तू. मले समजलं ना."

"मंग इचारलं काऊन नाही?" माझा आवाज चढला होता. "कुत्र्याले ओट्यावर घेऊन बसले, राजा म्हने, दुखते काय म्हने! माह्याशी एक शब्द नाही. मी माणूस नाही काय?"

"आई होती ना तिथं."

"मंग कुत्र्याच्या वेळी नव्हती काय आई?"

त्यानं मातीत काडीनं रेघ ओढली, पुसली. "कुत्र्याशी बोललं तं कोणी हासत नाही," तो म्हणाला. "बायकोशी बोललं तं सारं गाव हासते. माहा बापही कधी आईशी बोलला नाही. मले येतच नाही ते."

माझा राग पुरता गेला नव्हता. मी म्हटलं, "इथं तं कोणी नाही. इथं बोलत जा."

"काय बोलू?"

"विहिरीत पडले होते ते सांगा."

त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. लाजला. मग सांगितलं. कुत्र्याला सांगितलं होतं त्याहून जास्त सांगितलं. पाण्यात पडल्यावर वर आभाळाचा गोल तुकडा कसा दिसत होता, बापाचा आवाज कसा घुमत होता. कुत्रं आमच्या मधे झोपलं होतं आणि अधूनमधून माशी आली की कान हलवत होतं.

त्यानंतर दुपारचं जेवण न्यायचं काम मी कोणाला करू दिलं नाही. घरी तो पहिल्यासारखाच गप्प असे, पण आंब्याखाली बोले. तरी कुत्र्यावरून आमची ओढाताण चालूच राहिली. तो बाजारातून येताना त्याच्यासाठी गुळाचा खडा आणी, खिशातून हळूच काढी. मी दुधाची साय वाचवून ठेवी. कुत्रं दोन्हीकडचं खाऊन लठ्ठ झालं. सासूबाई म्हणत, "तुमा दोघाईच्या भांडणात त्याचं चांगलं फावते."

पुढच्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला मी मेहकरला माहेरी गेले. भाऊ न्यायला आला होता. कुत्रं उंद्रीपर्यंत आमच्यामागं आलं, मोटारीच्या दारातून आत शिरायला बघत होतं. नवऱ्यानं त्याला कमरेत धरून मागं ओढलं. मोटार हलली तरी त्याचं भुंकणं ऐकू येत होतं. मी डोळे पुसले तेव्हा भाऊ विचारत होता, नवऱ्यासाठी रडतेस की कुत्र्यासाठी. मला सांगता आलं नाही.

मुलाला घेऊन परत आले तेव्हा ज्वारी निसवून कणसं बाहेर आली होती. नवरा उंद्रीला घ्यायला आला होता, कुत्रं त्याच्या पायाशी. मला वाटलं आता ते अंगावर उड्या मारील. ते आलं, माझा पाय हुंगला, बाळाचं दुपटं हुंगलं, शिंकलं आणि परत जाऊन नवऱ्याच्या डाव्या अंगाला उभं राहिलं. मी 'यू-यू' केलं. त्यानं शेपूट हलवलं, पण ते आलं नाही.

कडेवर लेकरू, आणि तरी माझ्या छातीत ती जुनी कळ उठली. "काय चारत होते तुमी त्याले?" मी विचारलं.

भर रस्त्यात, माणसांच्या देखत, नवरा मोठ्यानं हसला. "आता तुह्यापाशी पोरगं हाय," तो म्हणाला. "हे मले राहू दे."

त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही पायवाटेला लागलो. कुत्रं त्याच्यासोबत पुढं, मी मागं. मी चालता चालता त्या दोघांकडे बघत होते आणि पोराला हळूच म्हणाले, "पाह्य, ते दोघं कसे चालले. आपण दोघं राहू."